दोरी एक, धनुष्यं दोन: पुण्याच्या गच्चीवर आर्कसाइन कुठे चुकला

पुण्यातली एक सपाट गच्ची. तिथे सोलर पॅनेलची एक रांग बसवायची आहे आणि पाण्याची टाकी आधीपासून उभी आहे. टाकीची सावली वर्षभरात पॅनेलवर कधी पडेल, हे बसवण्याआधी कळायला हवं. त्यासाठी एक्सेलमध्ये शीट तयार होते. डिसेंबरमध्ये ती प्रत्यक्ष सावलीशी ताडून पाहिली जाते, तंतोतंत जुळते आणि पॅनेल बसतात. मेच्या उत्तरार्धात मात्र सकाळी पॅनेलवर टाकीची सावली पसरलेली दिसते. शीटच्या हिशेबाने ती सावली टाकीच्या उत्तरेला, म्हणजे पॅनेलच्या नेमकी उलट बाजूला पडायला हवी होती.

हिशेब सोपा राहावा म्हणून इथली मापं ठोक घेतली आहेत. चूक मात्र खरी आहे आणि सूर्याची दिशा काढणाऱ्या घरगुती शीटमध्ये सर्रास होते. आर्कसाइन, म्हणजे साइनवरून कोन परत काढणारं गणिती फलन, नेमकं काय करतं हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण सापडणं अवघड, कारण चुकलेलं उत्तर इथे गच्चीवर डोळ्यांना दिसतं.

मापं अशी. पॅनेल ज्या उंचीवर आहेत तिथून टाकीचा माथा २ मीटर वर. टाकी गोल, व्यास १.१ मीटर. टाकीच्या मध्यापासून २ मीटर पश्चिमेला आणि ०.५ मीटर दक्षिणेला पॅनेलच्या रांगेचा ईशान्य कोपरा आहे. तिथून रांग पश्चिमेकडे जाते. पॅनेलचा कल हिशेबात धरलेला नाही, त्याने वेळेत काही मिनिटांचा फरक पडतो, दिशेत नाही. पुण्याचा अक्षांश १८.५२° उत्तर.

शीट काय करत होती

सूर्य आकाशात कुठे आहे हे सांगायला दोन कोन लागतात. क्षितिजापासूनची उंची म्हणजे उन्नतांश, आणि कोणत्या दिशेला आहे ते सांगणारा दिगंश. ते काढायला तीन गोष्टी हव्यात. पहिली, जागेचा अक्षांश. दुसरी, त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन (२१ जूनला +२३.४४°, २१ डिसेंबरला −२३.४४°). तिसरी, होराकोन, म्हणजे सूर्य माथ्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेवर यायला किती वेळ आहे, ते तासाला १५° या दराने. सकाळी तो ऋण धरतात. सौर वेळेचे सकाळचे ९ म्हणजे मध्यान्हाआधी ३ तास, म्हणून −४५°.

सौर वेळ आणि हातातलं घड्याळ यांत फरक आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची आणि पुणे ७३.८६° ला. फरक ८.६४°, अंशाला ४ मिनिटं याप्रमाणे साडेचौतीस मिनिटांच्या आसपास. त्यात वर्षभर थोडी कमी-जास्त होणारी दुरुस्ती मिळवली की २१ जूनला पुण्यात सूर्याचा मध्यान्ह घड्याळात सुमारे १२:३६ ला येतो. हा अर्धा तास विसरला तर सगळी दिशा बिघडते, पण या शीटमध्ये तो नीट धरला होता. कोन अंशांतून रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात, बदलायचंही राहिलं नव्हतं. एक्सेलच्या साइनला ३० दिले तर तो ३० रेडियन समजून −०.९८८ देतो, ०.५ नाही. ही चूक पहिल्याच ओळीत उघडी पडते, म्हणून ती फारशी धोक्याची नाही.

उन्नतांशाचं सूत्र शीटमध्ये असं होतं:

उन्नतांशाची साइन = साइन(अक्षांश) × साइन(क्रांती) + कोसाइन(अक्षांश) × कोसाइन(क्रांती) × कोसाइन(होराकोन)

२१ जून, सौर वेळ ९:००. पहिला गुणाकार ०.३१७६ × ०.३९७८ = ०.१२६३. दुसरा ०.९४८२ × ०.९१७५ × ०.७०७१ = ०.६१५२. बेरीज ०.७४१५. आर्कसाइन घेतला की ४७.९°. हे उत्तर बरोबर आहे.

दिगंशाचं सूत्र:

दिगंशाची साइन = कोसाइन(क्रांती) × साइन(होराकोन) ÷ कोसाइन(उन्नतांश)

इथे दिगंश दक्षिणेपासून मोजायचा, सकाळी पूर्वेकडे आणि दुपारनंतर पश्चिमेकडे. कोन मोजायची ही रीत कित्येक पुस्तकांत सापडते. चिन्ह बाजूला ठेवलं तर ०.९१७५ × ०.७०७१ ÷ ०.६७०९ = ०.९६६९. आर्कसाइन ७५.२°. म्हणजे दक्षिणेपासून पूर्वेकडे ७५.२°. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर १०४.८°, म्हणजे पूर्वेच्या थोडा दक्षिणेला. हे उत्तर चूक आहे. त्या वेळी सूर्य उत्तरेपासून ७५.२° वर असतो, म्हणजे पूर्वेच्या थोडा उत्तरेला.

७५.२ आणि १०४.८. बेरीज १८०. चुकीचं मूळ या बेरजेत आहे.

दोरीवरून धनुष्य

आपल्याकडे साइनला ज्या म्हणतात, आणि ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाच्या परंपरेतला हा शब्द अरबीत जीबा असा गेला, तिथे स्वर न लिहिता लिहिला गेल्याने पुढे जैब असा वाचला गेला, आणि जैबचं लॅटिन भाषांतर सायनस झालं. प्रवासात दोरी हरवली आणि खोळ, खिसा उरला. पण आर्कसाइन समजून घ्यायला मूळची दोरीच उपयोगी आहे.

१ त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याचा एक कंस म्हणजे धनुष्य, कंसाची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी. अर्धं धनुष्य हा कोन धरला, तर अर्धी दोरी ही त्याची साइन. धनुष्य दिलं की दोरी ठरते, आणि एकच ठरते. आता उलट जा. अर्धी दोरी ०.९६६९ लांबीची आहे, धनुष्य सांगा. कागदावर ती दोरी वर्तुळात ओढली की लक्षात येतं, दोरीने वर्तुळाचे दोन तुकडे केले आहेत, एक लहान कंस आणि एक मोठा. लहान कंसाचा अर्धा ७५.२°, मोठ्याचा अर्धा १०४.८°. दोन्ही धनुष्यांना दोरी एकच.

जुन्या ज्योतिषात ज्येवरून कंस काढण्याला चाप काढणं म्हणत. चाप म्हणजेही धनुष्य. आजचा आर्कसाइन म्हणजे तोच चाप, एका अटीसह: तो दर वेळी लहान धनुष्यच देणार. त्याला −१ ते १ मधली कोणतीही संख्या द्या, तो −९०° ते +९०° मधला कोन देईल. ही अट लहरीने घातलेली नाही. फलन म्हटलं की एका आकड्याला एकच उत्तर हवं, म्हणून अनेक धनुष्यांतलं एक निवडावं लागतं, आणि ० च्या दोन्ही बाजूंचं सर्वांत जवळचं निवडणं सोयीचं. मोठं धनुष्य हवं होतं की लहान, हे आर्कसाइनला कळायला मार्ग नाही. ती माहिती दोरीत नसतेच.

म्हणून या दोन वाक्यांतला फरक पक्का असायला हवा. एखाद्या संख्येचा आर्कसाइन घेऊन त्याची साइन काढली, तर तीच संख्या परत मिळते, नेहमी. एखाद्या कोनाची साइन घेऊन तिचा आर्कसाइन काढला, तर तोच कोन परत मिळतो, पण तो कोन −९०° ते ९०° मध्ये असेल तरच. १५०° ची साइन ०.५, आणि ०.५ चा आर्कसाइन ३०°. गच्चीवर नेमकं हेच झालं. दक्षिणेपासूनचा खरा कोन १०४.८° होता, सूत्राने त्याची साइन बरोबर दिली, आणि आर्कसाइनने ७५.२° परत केले.

(कॅल्क्युलेटरच्या बटणावर साइनच्या डोक्यावर उणे एक छापलेला असतो. तो घातांक नाही. ३० अंशांच्या साइनचा व्यस्त २ येतो, आणि ०.५ चा आर्कसाइन ३० अंश येतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. बारावीपर्यंत हा गोंधळ सुटला नसेल तर तो आजच सोडवून टाकावा.)

मग डिसेंबरमध्ये कसं जुळलं

२१ डिसेंबर, सौर वेळ ९:००. उन्नतांश २९.३°. दिगंशाची साइन ०.७४३६, आर्कसाइन ४८.०°. दक्षिणेपासून पूर्वेकडे ४८°, म्हणजे आग्नेयेच्या आसपास. अगदी बरोबर. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य उगवतो तोच पूर्वेच्या दक्षिणेला, आणि मावळेपर्यंत दक्षिणेच्याच बाजूला राहतो. दक्षिणेपासूनचा कोन ९०° ओलांडत नाही. लहान धनुष्य हेच खरं धनुष्य असतं, म्हणून सूत्र आणि गच्ची यांचं भांडण होत नाही. सप्टेंबरच्या विषुवदिनापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत ही शीट एकदाही चुकणार नाही. डिसेंबरची चाचणी प्रामाणिक होती, फक्त चूक जिथे लपली होती त्या बाजूला ती गेलीच नाही.

मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो. क्रांती १०° असते तेव्हा, म्हणजे एप्रिलच्या मध्यानंतर, पुण्यात तो सकाळी उत्तरेच्या बाजूला असतो आणि सौर वेळ ८:०७ च्या सुमारास बरोबर पूर्वेची रेषा ओलांडून दक्षिणेला येतो. त्या आधी शीट चूक, त्यानंतर दुपारी उशिरापर्यंत बरोबर. आलेख काढला तर या दिवशी चूक दिसतेही. शीटचा कोन चढत ९०° ला टेकतो आणि तिथून परत फिरतो, चेंडू भिंतीवर आपटावा तसा. खरा सूर्य असा परत फिरत नाही, तो ९०° ची रेषा सरळ पार करतो. दिगंशाचा आलेख ९०° ला टेकून मागे वळताना दिसला, तर आर्कसाइनने कोन दुमडला असं समजावं.

याच वळणावर आणखी एक त्रास होतो. तिथे दिगंशाची साइन १ च्या अगदी जवळ असते. उन्नतांश ३३.१४° ऐवजी एका दशांशापर्यंत वर झुकवून ३३.२° घेतला, तरी भागाकार १.०००७ येतो. इतक्या लांबीची अर्धी दोरी १ त्रिज्येच्या वर्तुळात मावत नाही, आणि एक्सेल चौकटीत संख्येची चूक दाखवतं. हे पाहून काही जण १ पेक्षा मोठी संख्या आली की १ धरा असा तोडगा सूत्रात घालतात. त्याने चौकट स्वच्छ दिसते, पण दुमडलेला कोन तसाच राहतो.

मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर पुण्यात हे वळणही येत नाही. या काळात क्रांती अक्षांशापेक्षा जास्त असते आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेलाच असतो. मध्यान्हीसुद्धा. या काळाच्या दोन टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हे सगळीकडे घडतं, फक्त तारखा बदलतात. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, दिल्लीत किंवा लंडनमध्ये, हीच शीट उन्हाळ्यात फक्त सकाळी आणि संध्याकाळी चुकेल, भर दुपारी बरोबर येईल. आपल्याकडे ती उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत दिवसभर चुकते.

२१ जूनचे आकडे शेजारी शेजारी ठेवू. दोन्ही दिगंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने.

| सौर वेळ | घड्याळ | उन्नतांश | खरा दिगंश | शीटचा दिगंश |
|---|---|---|---|---|
| ७:०० | ७:३६ | २०.६° | ७१.२° | १०८.८° |
| ८:०० | ८:३६ | ३४.१° | ७३.८° | १०६.२° |
| ९:०० | ९:३६ | ४७.९° | ७५.२° | १०४.८° |
| १०:०० | १०:३६ | ६१.६° | ७४.८° | १०५.२° |
| ११:०० | ११:३६ | ७५.२° | ६८.१° | १११.९° |
| १२:०० | १२:३६ | ८५.१° | ०° | १८०° |

शीटचा स्तंभ वेडावाकडा नाही. संख्या गुळगुळीत बदलतात आणि सूर्य शेवटी दक्षिणेला पोचतो, जसा तो शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पोचतो. खऱ्या स्तंभात मात्र सूर्य ७५ अंशांपर्यंत येऊन मागे फिरतो आणि उत्तरेला जातो. अनोळखी माणसाला खरा स्तंभच चुकीचा वाटेल.

सावली जमिनीवर मांडली तर

उन्नतांश बरोबर असल्यामुळे सावलीची लांबी दोन्ही हिशेबांत सारखी येते. सौर वेळ ८:०० ला टाकीच्या २ मीटर उंचीची सावली २ ÷ टॅन ३४.१°, म्हणजे २.९५ मीटर. ती पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर अशी फोडली, तर खऱ्या हिशेबात टाकीच्या मध्याची सावली २.८३ मीटर पश्चिमेला आणि ०.८२ मीटर दक्षिणेला पडते. शीटच्या हिशेबात २.८३ मीटर पश्चिमेला आणि ०.८२ मीटर उत्तरेला. लांबी तीच, पश्चिमेचं अंतर तेच. फक्त दक्षिणेची उत्तर झाली.

पॅनेलची रांग २ मीटर पश्चिमेला आणि ०.५ मीटर दक्षिणेला सुरू होते. खरी सावली सरळ त्यांच्यावर. टाकीचा फक्त मध्य धरला तर ती घड्याळात ९:२० च्या आसपास रांगेवरून उतरते. पण टाकी बिंदू नाही. तिचा माथा ०.५५ मीटर त्रिज्येचा आहे, आणि सपाट गोल माथ्याची सावलीही तेवढीच गोल पडते. ती धरली तर कोपऱ्यावरची सावली जवळपास १० वाजेपर्यंत रेंगाळते. मध्यबिंदूवर हिशेब करून टाकीची रुंदी विसरणं ही वेगळी चूक, आणि या प्रकरणात ती चाळीस मिनिटांची आहे.

२१ जूनला पुण्यात बहुधा ढग असतात, तेव्हा नुकसान कितीसं, असं वाटेल. पण २० मेच्या आसपास, क्रांती २०° असताना, सौर वेळ ८:०० ला सूर्याचा दिगंश ७७.९° असतो आणि सावली २.९४ मीटर पश्चिमेला, ०.६३ मीटर दक्षिणेला पडते. तीही पॅनेलवरच. पावसाआधीचं ते ऊन वर्षातलं चांगलं ऊन असतं. शिवाय पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात तेव्हा एका पॅनेलवरची सावली पूर्ण माळेचा प्रवाह खाली ओढू शकते. पॅनेलमधले बायपास डायोड झाकलेला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात, तरी त्या भागाची वीज जातेच.

दुरुस्ती

पहिला विचार असा येतो की आर्कसाइन सोडून आर्ककोसाइन वापरावा. उत्तरेपासूनच्या दिगंशाची कोसाइन = (साइन क्रांती − साइन उन्नतांश × साइन अक्षांश) ÷ (कोसाइन उन्नतांश × कोसाइन अक्षांश). २१ जूनच्या ९ वाजता ही ०.२५५० येते आणि आर्ककोसाइन ७५.२° देतो. बरोबर. आर्ककोसाइन ०° ते १८०° मधला कोन देतो, त्यामुळे उत्तर की दक्षिण हे त्याला कळतं. पण पूर्व की पश्चिम हे कळत नाही. दुपारी ३ वाजताही तो ७५.२° च सांगेल. होराकोन धन असेल तर ३६० मधून वजा करा, अशी अट घालून हे चालवता येतं.

यापेक्षा भक्कम रस्ता म्हणजे दिशेचे दोन्ही घटक वेगवेगळे काढणं:

पूर्वघटक = −कोसाइन(क्रांती) × साइन(होराकोन)

उत्तरघटक = कोसाइन(अक्षांश) × साइन(क्रांती) − साइन(अक्षांश) × कोसाइन(क्रांती) × कोसाइन(होराकोन)

२१ जून, ९:०० ला पूर्वघटक ०.६४८८ आणि उत्तरघटक ०.३७७२ − ०.२०६१ = ०.१७११. दोन्ही धन, म्हणजे सूर्य पूर्व आणि उत्तर यांच्या मधल्या चतुर्थांशात. कोन काढण्याआधीच दिशा कळली. जुन्या सूत्रात फक्त पूर्वघटक होता, उत्तरघटक कुठेच नव्हता. आर्कसाइनने जी माहिती गमावली असं वाटत होतं, ती त्याला दिलीच गेली नव्हती.

आता दोन घटकांवरून कोन काढणारं एटॅन२ वापरायचं. साधा आर्कटॅन चालणार नाही. पूर्व भागिले उत्तर असा भागाकार केला की उणे भागिले उणे आणि अधिक भागिले अधिक सारखेच दिसतात, आणि साधा आर्कटॅन पुन्हा −९०° ते ९०° मध्ये अडकतो. एटॅन२ दोन्ही संख्या चिन्हांसकट वेगळ्या घेतं, म्हणून पूर्ण वर्तुळातला कोन देऊ शकतं.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात पडणारे खूप. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये एटॅन२ ला आधी आडवा घटक आणि मग उभा घटक द्यायचा असतो. पायथन, सी यांसारख्या भाषांत क्रम उलटा, आधी उभा. आपल्याला कोन उत्तरेपासून पूर्वेकडे मोजायचा आहे, म्हणून एक्सेलमध्ये आधी उत्तरघटक, मग पूर्वघटक. पायथनमध्ये आधी पूर्वघटक, मग उत्तरघटक. क्रम चुकला तर ७५.२° ऐवजी १४.८° येतात. उत्तर रेडियनमध्ये येतं, ते अंशांत बदलायचं, आणि ऋण असेल तर ३६० मिळवायचे. एक्सेलचं मॉड फलन ३६० सह वापरलं की हे आपोआप होतं.

मग उन्नतांशासाठी वापरलेला आर्कसाइन का चालला? कारण उन्नतांश स्वतःच −९०° ते ९०° च्या बाहेर जात नाही. क्षितिजाखाली सरळ पायांखालपासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत, बस. आर्कसाइन देऊ शकतो तेवढेच कोन त्या राशीला शक्य आहेत, म्हणून दुमडायला काही उरतच नाही. व्यस्त फलन निवडताना हाच प्रश्न विचारायचा: ही राशी कोणत्या कोनांमध्ये फिरते, आणि हे फलन कोणते कोन देतं?

सूर्योदयाचा होराकोन घ्या. तो ० ते १८०° मध्ये असतो, म्हणून त्याला आर्ककोसाइन लागतो. त्याची कोसाइन = −टॅन(अक्षांश) × टॅन(क्रांती). २१ जूनला −०.१४५२, आर्ककोसाइन ९८.३५°. दुप्पट करून १५ ने भागलं की दिवस १३ तास ७ मिनिटांचा. वातावरणातलं वक्रीभवन आणि सूर्याच्या बिंबाची रुंदी धरली की आणखी सात-आठ मिनिटं. याच कोनाची साइन काढून आर्कसाइन घेतला असता तर ८१.६५° आले असते आणि दिवस १० तास ५३ मिनिटांचा. जूनमध्ये डिसेंबरचा दिवस.

माथ्याजवळची सावधगिरी

आर्कसाइन उन्नतांशासाठी योग्य आहे, पण सूर्य माथ्याजवळ असताना तो हळवा होतो. २१ जूनच्या मध्यान्ही उन्नतांशाची साइन ०.९९६३ आहे आणि कोन ८५.०८°. ती दोन दशांशांपर्यंत १.०० अशी लिहिली तर कोन ९०° येतो. कापून ०.९९ लिहिली तर ८१.९°. शेवटच्या अंकात एकाचा फरक आणि कोनात आठ अंशांचा.

कारण आर्यभटाच्या ज्यांच्या कोष्टकात स्पष्ट दिसतं. इ.स. ४९९ च्या त्या कोष्टकात ० ते ९०° चे २४ भाग आहेत, एकेक भाग २२५ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि त्रिज्या ३४३८. पहिल्या २२५ कलांत ज्या २२५ ने वाढते. शेवटच्या तीन भागांत ती ३७, २२ आणि ७ नेच वाढते. शेवटच्या टप्प्यात ज्येतला १ चा फरक म्हणजे कोनात साधारण ३२ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. धनुष्य अर्ध्या वर्तुळाएवढं होत आलं की दोरी वाढायची थांबते, मग दोरी मोजून धनुष्य ओळखणं अवघड होणारच. म्हणून मधल्या पायऱ्यांत आकडे कापू नयेत. किंवा उन्नतांशही एटॅन२ ने काढावा, एक घटक उन्नतांशाची साइन आणि दुसरा पूर्व व उत्तर घटकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. तिथे हा हळवेपणा राहत नाही.

गच्चीवर काय बदललं

टाकी हलवणं खर्चाचं, म्हणून रांग दक्षिणेकडे सरकवायची. सौर वेळ ८:०० ला सावलीचा मध्य ०.८२ मीटर दक्षिणेला आणि तिची त्रिज्या ०.५५, मिळून १.३७. रांगेची उत्तर कड टाकीच्या मध्यापासून १.४ मीटर दक्षिणेला ठेवली तर २१ जूनलाही घड्याळात ८:३६ नंतर सावली तिला शिवत नाही. त्याआधीचं ऊन तिरपं आणि कमजोर असतं.

पण दक्षिणेला सरकताना कठड्याकडे पाहावं लागतं. पॅनेलच्या खालच्या कडेपेक्षा दक्षिणेचा कठडा ०.४ मीटर उंच असेल, तर २१ डिसेंबरला सौर वेळ ९:०० ला त्याची सावली ०.४८ मीटर उत्तरेपर्यंत येते. तेव्हा कठड्यापासून निदान अर्धा मीटर सोडायचा. एका बाजूला जूनची टाकी, दुसऱ्या बाजूला डिसेंबरचा कठडा, आणि रांग या दोहोंच्या मध्ये बसवायची.

नवी शीट तपासताना डिसेंबरवर थांबून चालणार नाही. चार तपासण्या पुरतात: २१ डिसेंबर, एप्रिलच्या मध्यानंतरची एक, २१ जून, आणि यांपैकी कोणत्याही दिवसाची दुपार. शक्य असेल तिथे प्रत्यक्ष सावली पाहावी. १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची आणि सावलीच्या टोकाला खडूने खूण करत जायचं. दिशेसाठी होकायंत्रावर विसंबू नये, कारण टाकीच्या स्टँडचं आणि स्लॅबचं लोखंड सुई बहकवतं. त्यापेक्षा काठीची मध्यान्हाची सावली हीच दक्षिणोत्तर रेषा धरावी. २१ डिसेंबरला ती ९० सेंटिमीटर लांब आणि उत्तरेकडे असते. २१ जूनला जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, आणि दक्षिणेकडे.

२१ जूनला सकाळी ढगांनी उसंत दिली तर त्याच काठीजवळ आणखी एक गोष्ट पाहता येते. सावली आधी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू वळत जाते. घड्याळात १० ला दोन मिनिटं कमी असताना, सूर्याचा दिगंश ७५.४° असताना, ती वळायची थांबते. मग काट्यांच्या उलट, दक्षिणेकडे, फिरू लागते. खडूच्या खुणा पाच-पाच मिनिटांनी केल्या असतील तर हे वळण फरशीवर स्पष्ट दिसतं.